आजी घरातल्या खोलीत की आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर)?

कोरोना वाढला तसा पुतण्याचा परभणीहून फोन: "काका, आजीला लागण होऊ नये म्हणून आखाड्यावर नेऊ का?"

हवा आखाड्याचीच चांगली, त्यात वाद नाही. हा विषाणू कोंदट खोलीत जास्त पसरतो; कडुलिंबाखाली बाज टाकली की अर्धं काम झालं. पण रात्रीचा विंचू-काटा, लाईटीचा भरवसा नाही, आणि रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला तर १०८ ची गाडी काळ्या मातीच्या चिखलात रुतणार. शिवाय सोबतीचा माणूस रोज गावात चकरा मारत असेल तर सगळंच फुकट.

खोलीला खर्च नाही, शिस्त लागते: खिडकी उघडी, ताट दारात, आत जाणाऱ्याला मास्क. नातवंडं मात्र ऐकत नाहीत!

आजी धडधाकट, सोबत पक्की, तर आखाडा. दमा-शुगर असेल तर खोलीच. मग बाजारात जाणाऱ्यांनी आखाड्यावर झोपावं.