कोब्रा की विल्सन, गिऱ्हाईक परत कोणी नीट खेचलं?

गोल्फवाला एकदा दुसऱ्या ब्रँडकडे गेला की सहसा परत येत नाही, आणि गोल्फचे क्लब, म्हणजे काठ्या, बनवणाऱ्या या दोन अमेरिकन कंपन्यांनी त्याला परत आणायला अगदी उलटे रस्ते धरले. 2010 मधे पुमाने कोब्रा विकत घेतली आणि मग काय, रंगच रंग! कोब्राचा गोल्फर रिकी फाउलर रविवारी, म्हणजे स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, डोक्यापासून पायापर्यंत केशरी, 2013 चा अ‍ॅम्प सेल ड्रायव्हर (पहिला लांब फटका मारायची काठी) पण केशरी, लाल, निळा असा मिळायचा, जुन्या लोकांनी नाकं मुरडली पण पोरं बघायला लागली ना. आणि नुसता रंगच नाही हां, 2017 मधे गोल्फर ब्रायसन डीशॅम्बोला पुढे करून सगळ्या आयर्न्स (धातूच्या चपट्या डोक्याच्या काठ्या, एरवी नंबरागणिक लांबी वेगळी) एकाच लांबीच्या, सात नंबरच्या आयर्नएवढ्या, विकायला काढल्या, म्हणजे डिझाइनमधेच जाहिरात.

विल्सनने 2016 मधे टीव्हीवर ड्रायव्हर डिझाइनची स्पर्धाच लावली, आयडिया भारी, पण जिंकलेला ट्रायटन यूएसजीएच्या (अमेरिकेत गोल्फचे नियम ठरवणारी संस्था) नियमात बसेना, मग तो बदलावा लागला. चर्चा झाली, पण नको ती. खरं काम केलं ते साध्या, स्वच्छ दिसणाऱ्या स्टाफ मॉडेल ब्लेड्सनी (पातळ डोक्याच्या आयर्न्स), त्याच घेऊन गॅरी वुडलँडने 2019 ची गोल्फची यूएस ओपन पेबल बीचच्या कोर्सवर मारली, त्याच्यापुढे कसला टीव्ही शो!

मला विचाराल तर मार्केटिंगमधे कोब्रा सरळ पुढे, नवशिक्याला पण मी कोब्राच सांगेन. बॉलवर नेम धरताना खाली बघून बरं वाटावं असं आयर्न मात्र विल्सनचंच, फक्त ब्लेड मारायला हात बसलेला पाहिजे.