निओडिमियम घ्यावं की शिसं?

समुद्रातल्या खोल पाण्याचा माग काढायचा प्रस्ताव लिहिताना हा प्रश्न हमखास पडतो. तापमान-क्षारतेचा आलेख तर सगळेच काढतात. पण वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेली पाणी एकमेकांत मिसळून आलेखावर एकाच जागी येऊन बसली, की निओडिमियम नावाच्या धातूच्या किंवा शिशाच्या समस्थानिकांकडे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंकडे) वळावं लागतं. मी दोन्ही वापरून पाहिली आहेत.

शिशाचं कौतुक आधी. पूर्वी अमेरिकेच्या आणि युरोपच्या पेट्रोलमध्ये घालायचे ते शिसं वेगवेगळ्या खाणींतलं, त्यामुळे त्यातल्या २०६ आणि २०७ या समस्थानिकांचं गुणोत्तरही वेगळं. भूमध्य समुद्रातून निघून अटलांटिकमध्ये सुमारे हजार मीटर खोलीवर पसरणारं पाणी युरोपच्या शिशाची खूण सोबत घेऊन जातं. गेल्या काही दशकांत बुडालेलं पाणी ओळखायचं असेल, तर शिशाला तोड नाही. शिवाय एखाद-दुसऱ्या लिटरमध्ये काम भागतं.

पण जहाजावर शिसं कुठे नाही, तेच शोधावं लागतं. विंचचं ग्रीस, रंगाचे पोपडे, गंज, धुराड्याचा धूर, सगळीकडे तेच. बाटल्या कित्येक दिवस ॲसिडमध्ये मुरवा, केव्हलारच्या (धातू नसलेल्या) दोरीवरचं वेगळं रोझेट (नमुन्याच्या बाटल्यांची चौकट) मिळवा, स्वच्छ कंटेनरमध्ये मास्क-हातमोजे घालून गाळा. एवढं करूनही एकदा एकाच कास्टमधल्या (एका वेळी पाण्यात सोडून वर आणलेल्या), एकाच खोलीवर बंद केलेल्या दोन बाटल्यांची गुणोत्तरं जुळेनात. हा फरक समुद्राचा की ग्रीसचा, हे किनाऱ्यावर परतल्यावर छातीठोकपणे सांगणारं कोणी नव्हतं. माझा कल तिथेच ठरला.

निओडिमियमला हा जाच जवळपास नाही. खोलवरचा नमुना घ्यायच्या नेहमीच्या निस्किन बाटलीतलं पाणी गाळलं, आम्ल घातलं, कॅनमध्ये भरलं, झालं. त्रास वजनाचा: एकेका खोलीसाठी दहा लिटर, आणि एवढ्या पाण्यातून हाती लागतात जेमतेम ३० नॅनोग्रॅम. पुढे प्रयोगशाळेत कॉलमवर (मूलद्रव्यं वेगळी करणाऱ्या नळीत) समेरियम हे दुसरं मूलद्रव्य नीट काढून टाकावं लागतं, नाहीतर त्याचं १४४ वजनाचं समस्थानिक निओडिमियमच्या १४४ वर येऊन बसतं. तरी कष्टाचं चीज होतं. उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्याचं एप्सिलॉन (निओडिमियमच्या १४३ आणि १४४ चं गुणोत्तर ठरलेल्या प्रमाणापेक्षा दहा हजारांत किती वेगळं, तो आकडा) उणे १३ च्या आसपास, दक्षिण महासागरात उणे ८-९, उत्तर पॅसिफिकमध्ये उणे ४ च्या जवळ. मोजमापातली चूक या फरकांपुढे किरकोळच. वरच्या थरातलं शिसं दोनेक वर्षांत कणांना चिकटून खाली जातं. निओडिमियम समुद्रात काही शतकं टिकतं, त्यामुळे लांबचा प्रवास दिसतो.

बंगालच्या उपसागरात मात्र जपून. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळातून सुटणारं निओडिमियम आकडा उणेकडे खेचतं. किनाऱ्याच्या उतारावर तर आणखी पंचाईत: एकूण प्रमाण फारसं हलत नाही, पण समस्थानिकं बदललेली असतात. वरच्या काही शे मीटरांत तुम्ही पाण्याऐवजी गाळाचाच माग काढत बसाल. तिथे क्षारता आणि ऑक्सिजनची समस्थानिकं जोडीला हवीतच.

स्वच्छ रोझेट असलेलं जहाज आणि त्यावर हात बसलेली माणसं मिळत असतील, आणि प्रश्न विसाव्या शतकाचा असेल, तर खुशाल शिसं घ्या. दुसऱ्या कुणाच्या मोहिमेत चार कास्ट मागून घ्यायचे असतील, तर मी तरी दहा लिटरचे कॅनच उचलेन.