मोरारजी की यशवंतराव? नेत्याचा स्वभाव बघायचा का काम?

निवडणूक आली की घराघरात हा वाद असतोच, एक म्हणतो माणूस हेकट आहे, कुणाचं ऐकत नाही पण कामं केलीत ना, दुसरा म्हणतो ते सगळं ठीक आहे, आपण काही बोलायला गेलो तर तो ऐकून तरी घेणार का. तुमचंही अजून ठरत नसेल तर मोरारजी देसाई आणि यशवंतराव चव्हाण शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघांनी लागोपाठ मुंबई राज्य चालवलं, मोरारजी १९५२ ते ५६ आणि त्यांच्यानंतर यशवंतराव, आणि स्वभाव म्हणाल तर दोन टोकं.

आधी मोरारजींचं काम बघू, कारण मराठी माणूस त्यांचं नाव निघालं की तिथपर्यंत पोचतच नाही. १९४८ चा कूळकायदा आला तेव्हा महसूल खातं त्यांच्याकडे होतं, पुढे ते मुख्यमंत्री असताना १९५६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळाला मालक मानायचं ठरलं. आज कित्येक घरांचा सातबारा त्या कायद्यामुळे स्वतःच्या नावावर आहे. पण संयुक्त महाराष्ट्राची मागणी रस्त्यावर आली आणि हाच माणूस जरासुद्धा हलला नाही, नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळीबार, माणसं गेली. माझ्या मते याचा हिशेब कूळकायद्याशी वजावट करून मांडताच येत नाही, जमीन मिळाली म्हणून गेलेला पोरगा परत येत नाही.

यशवंतराव आले तेव्हा चळवळ तापलेलीच होती आणि तेही सुरुवातीला द्विभाषिकाच्याच, म्हणजे मराठी आणि गुजराती भाग एकाच राज्यात ठेवण्याच्या बाजूने होते, म्हणजे भूमिका फार वेगळी नव्हती हे लक्षात घ्या. फरक पडला तो वागण्यात. १९५७ मध्ये प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शनं केली, यशवंतरावांनी ती होऊ दिली, पोलिसांना आवरलं आणि दिवस शांततेत पार पडला. मग दिल्लीला पटवत पटवत १ मे १९६० आला. १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा, एमआयडीसी, सहकारी साखर कारखान्यांना दिलेलं बळ, हे सगळं माणसं जोडत जाणाऱ्या स्वभावातूनच उभं राहिलंय असं मला वाटतं, विरोधकाला शत्रू समजणाऱ्याला ते जमलं नसतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग ठरलंच की, यशवंतराव. थांबा.

१९६९ मध्ये काँग्रेस फुटायच्या बेतात असताना इंदिराबाईंनी अर्थखातं काढून घेतलं तसे मोरारजी सरकारमधून बाहेर पडले. त्याच वर्षी यशवंतराव राष्ट्रपतीपदाच्या उमेदवारीसाठी आधी सिंडिकेटच्या, म्हणजे काँग्रेसमधल्या इंदिराविरोधी जुन्या नेत्यांच्या बाजूने संजीव रेड्डींच्या मागे उभे राहिले आणि फुटीच्या वेळी इंदिराबाईंकडे आले, कुंपणावरचा नेता ही टीका त्यांना कायम चिकटली. आणीबाणीत मोरारजी १९ महिने स्थानबद्ध, यशवंतराव परराष्ट्रमंत्री. सगळ्यांशी जुळवून घेणारा तो गोड स्वभाव त्या वेळी गप्प बसला, आणि मला मनापासून वाईट वाटतं ते याचंच, कारण त्यांच्याइतका वाचणारा, समजूतदार माणूस तिथे दुसरा कोण होता.

आणि मोरारजी पंतप्रधान झाल्यावर १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती आली. नुसत्या अंतर्गत अशांततेचं कारण देऊन आणीबाणी लावता येणार नाही, सशस्त्र बंड लागेल, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही. मुंबईत ज्या हट्टापायी माणसं मेली तोच हट्ट इथे तुमच्या माझ्या उपयोगी पडला.

म्हणून मला स्वभाव एका रकान्यात आणि काम दुसऱ्या रकान्यात लिहून बेरीज करणं पटत नाही, आधी खुर्ची कुठली ते बघा. ज्या खुर्चीच्या हाताखाली पोलीस आहेत आणि समोर रोज चिडलेली माणसं येणार आहेत, म्हणजे मुख्यमंत्री, गृहमंत्री, तिथे मी स्वभावाला जास्त वजन देईन, कामाची यादी कितीही लांब असली तरी. पण दिल्लीत पाठवायचा खासदार असेल, जिथे वरून आदेश आला की सगळे माना डोलावतात, तिथे गोड बोलण्यावर जाऊ नका, या माणसाने आपल्याच नेत्याला नाही म्हणून कधी पद गमावलंय का तेवढं शोधून काढा आणि मग मत द्या.