सिंकथिंग 2.0: दिवाळी अंकाचा हंगाम आणि 255 बाइटांची भिंत

सिंकथिंग म्हणजे आपल्याच यंत्रांमध्ये फाइली आपोआप सारख्या ठेवणारं (सिंक करणारं) सॉफ्टवेअर. त्याचं 2.0 आलं ऑगस्ट 2025 मध्ये, म्हणजे नेमकं अशा वेळी की दिवाळी अंकांच्या कामातून आम्हा अक्षरजुळणीवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. बरं एवढंच, की मुख्य आवृत्ती बदलणार असेल तर हे सॉफ्टवेअर स्वतःहून चढत नाही, आपल्या होकारासाठी थांबतं. मी होकार दिला नाही. अंक छापायला गेले, हिशेब चुकते झाले आणि मगच 2.0 घातलं. त्यामुळे खालचा पहिला भाग 1.x या जुन्या आवृत्तीवरचा, सप्टेंबरात लिहून ठेवलेला आहे आणि नंतरचा आताचा.

आमची मांडणी साधी आहे. दुकानात विंडोजवर इनडिझाइन आणि कोरल ही पानं मांडायची सॉफ्टवेअरं. मुद्रितशोधन करणाऱ्या काकू घरून काम करतात, त्यांच्याकडे लिनक्स मिंट घालून दिलेला जुना लॅपटॉप. चित्रकार मॅकवर. आधी एका नावाजलेल्या क्लाउड कंपनीची वर्गणी भरत होतो. ऐन हंगामात जागा संपली म्हणून तिने सिंक गुपचूप थांबवलं. ग्राहकसेवेत विचारलं, तर दर वेळी तेच साच्यातलं उत्तर आणि शेवटी महागडी योजना घ्यायचा सल्ला. माझ्याच दोन यंत्रांमधून फाइल इकडून तिकडे जावी म्हणून दर वर्षी पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. सिंकथिंग 2013 पासून आहे, फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, मध्ये कुणाचा सर्व्हर फाइली साठवत नाही. वाचलेल्या वर्गणीतले थोडे पैसे मी त्या प्रकल्पाला देणगी म्हणून पाठवले आणि ते देताना हात अजिबात आखडला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

काकूंचा फोन आला, "दादा, दुसरं प्रूफ आलंच नाही हो. बाकी सगळं आलंय." दुकानातल्या पडद्यावर त्यांचा लॅपटॉप 99 टक्क्यांवर अडकलेला दिसत होता. त्यांच्या बाजूला फोल्डरखाली 'फेल्ड आयटम्स' (न उतरलेल्या फाइली) अशी ओळ होती. ती उघडल्यावर एकच फाइल आणि पुढे कारण: फाइलचं नाव फार लांब आहे. नाव असं होतं: 'दिवाळी अंक कथा विभाग दुसरं प्रूफ लेखिकेच्या दुरुस्त्यांसह अंतिम मथळा आणि चित्रांच्या जागा बदलून', पुढे पीडीएफ. नाव लांबलचक आहे हे मान्य, पण आमच्या धंद्यात नावं अशीच असतात, कारण घाईत उघडण्याआधी फाइल ओळखता आली पाहिजे.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली साठवायच्या पद्धतीत, नावाला 255 ची मर्यादा आहे, पण तिथे देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक. हे नाव तिथे एक्स्टेंशनसकट (शेवटचं '.pdf') 99 भरतं. लिनक्सच्या एक्स्ट4 मध्येही मर्यादा 255 चीच, पण ती बाइटांची. यूटीएफ-8 या अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. 'स्त्री' हे आपल्या डोळ्याला एक अक्षर, तिथे सहा चिन्हं, 18 बाइट. 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द 17 चिन्हांचा, 51 बाइटांचा. तो जागा न सोडता पाच वेळा लिहिला की 255 संपले, एक्स्टेंशनचा टिंबसुद्धा मावत नाही. वरचं नाव 263 बाइट भरतं. म्हणून ते काकूंच्या दारात अडलं. इंग्रजीत नाव देणाऱ्याला हीच मर्यादा तिप्पट ऐसपैस मिळते, त्याला ही भिंत आयुष्यात दिसत नाही.

हा दोष सिंकथिंगचा नाही, फाइल सिस्टिमचा आहे, आणि ती ठरली तेव्हा मराठीत फाइलींची नावं द्यायचा विचार कुणाच्या मनात नसणार. तरीही मला वाटतं, पाठवणाऱ्या बाजूला नाव पाहूनच इशारा देता येईल. पलीकडे लिनक्स किंवा अँड्रॉइड असेल आणि नाव 255 बाइटांपुढे जात असेल, तर तसं सांगणं काही अवघड काम नाही. देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ते लागणार आहे. बांगला, तमिळ, तेलुगूवाल्यांनाही, कारण त्यांचीही चिन्हं तीन-तीन बाइटांचीच.

हिशेब इथेच संपत नाही. दोघांनी एकच फाइल एकाच वेळी बदलली, तर सिंकथिंग एक प्रत जुन्या नावाने ठेवतं आणि दुसरीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख, वेळ आणि यंत्राच्या ओळखीची सात अक्षरं घालतं. ही भर 38 बाइटांची. ती आणि पीडीएफचे चार वजा केले की हाती 213 उरतात, म्हणजे सगळी मिळून 71 चिन्हं. आता दुकानात एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. 210 बाइटांपुढचं नाव दिसलं की ती पडद्यावर यादी टाकते. नवीन मुलाला पहिल्या दिवशी तीच दाखवतो.

याच्या अगदी उलट, 'ऱ' ने मला चकित केलं. 'तिसऱ्या', 'दुसऱ्या' यांतला हा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन. मॅककडे तो दोन तुकड्यांत साठवायची जुनी पद्धत आहे. आधीच्या क्लाउडमध्ये चित्रकाराकडून आलेलं 'तिसऱ्या पानाचं चित्र' दोनदा दिसायचं. नाव हुबेहूब तेच, पण फाइली दोन, आणि नवी कोणती हे उघडल्याशिवाय कळायचं नाही. सिंकथिंग मॅकवर नाव मॅकच्या पद्धतीने आणि इतर ठिकाणी एकसंध ठेवतं, हे आपसूक होतं. पूर्ण हंगामात एकही जुळी फाइल दिसली नाही. मराठी माणसाने सिंकथिंग घ्यावं याला माझ्या लेखी एवढं एक कारण पुरे.

सप्टेंबरचा मजकूर इथवर. त्यात 'चालू आहे ते छान आहे, 2.0 ची गरज नाही' असं एक वाक्य होतं, ते काढून टाकलं.

2.0 मध्ये आतली नोंदवही बदलली आहे: लेव्हलडीबी हा डेटाबेस जाऊन एसक्यूलाइट हा आला. पहिल्यांदा सुरू केल्यावर जुनी नोंद नव्यात उतरवून घेतली जाते आणि फोल्डर मोठे असतील तर वेळ लागतो. काकूंच्या जुन्या हार्ड डिस्कवर संध्याकाळी लावलं, ते रात्रीची जेवणं झाल्यावर संपलं. मध्येच बंद करू नका. 1.x आणि 2.0 ची यंत्रं एकमेकांशी नीट बोलतात, तेव्हा सगळीकडे एकाच दिवशी चढवायची सक्ती नाही. दोन्हीकडे 2.0 असेल तर आता यंत्रांमध्ये एकाऐवजी तीन जोडण्या होतात, एक फक्त नोंदींसाठी आणि दोन प्रत्यक्ष माहितीसाठी. मोठी छपाई-पीडीएफ जात असताना छोट्या दुरुस्तीची वार्ता आता मागे खोळंबत नाही.

माझ्या कामाला सर्वांत भिडणारा बदल पुसण्याचा आहे. आधी एकीकडे फाइल पुसली आणि दुसरीकडे तीच बदलली, तर बदललेली फाइल हटकून जिंकायची. मी जुनं प्रूफ काढून टाकलेलं, काकूंनी नेट बंद असताना त्याच्यावर खुणा केलेल्या, की ते प्रूफ माझ्याकडे परत हजर. आता पुसणं जिंकू शकतं आणि त्यांची प्रत कॉन्फ्लिक्टच्या नावाने राहते. सुरुवातीला हे मला धोक्याचं वाटलं होतं. आता वाटतं हेच बरोबर: काकूंच्या खुणा हरवत नाहीत, आणि रद्द झालेलं प्रूफ चालू प्रूफ म्हणून छापखान्यात जायची भीती उरत नाही.

वीज जाण्याबद्दल निर्धास्त राहा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरते, प्रत्येक तुकडा एसएचए-256 या गणिती ठशाने तपासला जातो आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव लागतं. अर्धी पीडीएफ खऱ्या नावाने कधीच समोर येत नाही.

जुन्या प्रती ठेवायची सोय मात्र नीट समजून घ्या. दुसऱ्या यंत्राकडून बदल आला तरच आधीची प्रत राखली जाते. मी दुकानात माझीच फाइल बिघडवून जतन केली, तर चांगली प्रत माझ्याकडे नाही, काकूंच्या लॅपटॉपवर सापडेल, तीही तिथे ती सोय चालू असेल तर. म्हणून दोन्ही टोकांना लावा. 'स्टॅगर्ड' प्रकार चांगला आहे: पहिल्या तासात दर 30 सेकंदांची, दिवसभरात तासाची, महिनाभर रोजची एक प्रत. तसंच कोरलच्या 'बॅकअप ऑफ' फाइली वगळायची यादी एका यंत्रावर लिहिली म्हणजे दुसऱ्यावर जात नाही. ती प्रत्येक यंत्रावर वेगळी लिहावी लागते.

फोनचं सांगायचं तर मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर 2024 मध्ये थांबलं. पुढे स्वयंसेवकांनी चालवलेली 'सिंकथिंग-फोर्क' आहे, पण अंकाचं काम मी फोनवर ठेवत नाही.

आणि कपाटात जुना लॅपटॉप पडून असेल त्याने हे लक्षात ठेवावं: पुसलेल्या फाइलींची नोंद 2.0 आता कायम ठेवत नाही, सुमारे सव्वा वर्षाने विसरतं. त्याहून जास्त काळ बंद असलेलं यंत्र तसंच जोडलं, तर मागच्या हंगामातली पुसलेली प्रूफं पुन्हा सगळीकडे पसरू शकतात. नेट बंद ठेवून त्याच्यावरचं ते फोल्डर आधी सिंकथिंगमधून काढा, मग रिकामं करा, नव्याने जोडा आणि मगच नेट लावा.