बर्डीतलं फ्लेक्सचं दुकान : पोरगा हुशार, पण झेंडा असेल तर प्रूफ डोळे फाडून पाहा

चार स्टार देऊन राहिलो. पाचवा कायले कापला ते खाली येतंच.

हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात न, त्यातले काही माझ्या ओळखीचे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे, १९७२ पासूनची, मराठी आपल्यासारखीच बोलतात. त्यांना तिबेटवर एक चर्चासभा घ्यायची होती. हॉल झाला, खुर्च्या झाल्या, राहिला फक्त फ्लेक्स, म्हणून मी तिघांना घेऊन या दुकानात गेलो. वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. पावणेचार तास लागले राजेहो.

आता यात दुकानाचा दोष नाही. हेडिंगवरच अडलं. म्हातारे काका, त्यांना सगळे पाला म्हणतात, ते म्हणे "स्वायत्तता" लिहा, कारण दलाई लामांचा मध्यम मार्ग तोच आहे, चीनपासून तुटायचं नाही पण खरी स्वायत्तता पाहिजे, १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला त्यांनी हेच मांडलं. त्यांची पोरगी इथंच नर्सिंग करते. ती म्हणे रांगझेन, म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य, नाहीतर मी खुर्च्या लावायलाही येत नाही. "पाला, २००२ ते २०१० नऊ वेळा बोलणी झाली, मिळालं काय? नंतर तर चीननं टेबलच उचलून नेला." पाला चहाचा घोट घेऊन म्हणाले, "अन् नुसतं रांगझेन म्हणून काय मिळालं?"

डिझायनर पोरगा माउसवर हात ठेवून बसलेला. शेवटी म्हणाला, "काका, 'स्वा' तर दोन्हीत आहे, तेवढं टाइप करून ठेवू का?"

याच्यासाठीच तीन स्टार.

मग वक्त्यांची नावं. सोबतचा तिसरा माणूस तिबेटच्या खम प्रांतातला, त्याच्या लक्षात आलं की दोन्ही वक्ते ऊ-त्सांगचे आहेत. त्यांच्या निर्वासित संसदेत ४५ जागा, त्यात ऊ-त्सांग, खम अन् आम्दो या तीन प्रांतांच्या दहा-दहा, म्हणजे हा हिशेब त्यांच्या अंगातच भिनलेला. पोरगी भडकली, "मी गोठणगावात जन्मली, माझा प्रांत विदर्भ, मले कोणत्या कोट्यात टाकता?" मी वेगळ्या विदर्भाच्या बैठका पाहिलेला माणूस, सहा जणांत सात गट, त्यामुळे मला तर घरच्यासारखंच वाटून राहिलं होतं.

शेवटी हेडिंग ठरलं "तिबेट : पुढे काय?" पालांनी एकच अट घातली की पहिलं भाषण पोरीनं करायचं अन् रांगझेनवरच करायचं, म्हणजे उत्तर त्यांना देता येईल. एकमत झालं ते फक्त झेंड्यावर, तेही एका मिनिटात.

अन् दुकानानं नेमकी तिथंच माती खाल्ली.

तिबेटच्या झेंड्याला पिवळी किनार तीनच बाजूंना असते. चौथी बाजू मुद्दाम मोकळी, बौद्ध धर्माबाहेरच्या विचारांनाही जागा आहे असा त्याचा अर्थ. पोराला वाटलं फोटो कापलेला आला, म्हणून त्यानं चौथ्या बाजूलाही पिवळी पट्टी लावून चौकट पूर्ण केली. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, पण हे तिघं नावांवर भांडत होते अन् मी बाहेर तर्री पोहे खात होतो, त्यामुळे थोडी चूक आमचीही. आठ बाय चारचा फ्लेक्स छापून, रिंगा मारून समोर आला तेव्हा बाप-लेक एकाच वेळी ओरडले. मालक म्हणे, "अर्धवट दिसत होतं न भाऊ, फ्रीमध्ये नीट करून दिलं." अन् परत छापायचे २४० मागितले, ४८० चे अर्धे. इथं स्टार कापला. मग मात्र जे तीन तास एकमेकांशी भांडले ते तिघं मिळून मालकाशी असे भांडले की शंभरात तुटलं.

छपाई झकास आहे, रंग उडत नाही, निळे-लाल किरण एकदम स्वच्छ आले. तिबेटी अक्षरं टाइप करायला लावू नका, एकावर एक बसणारी अक्षरं फुटतात, पीडीएफच न्या. सातनंतर गाडी लावायला जागा नसते.

चुकलेल्या फ्लेक्समधला झेंडा पालांनी ब्लेडनं कापून, घडी करून पिशवीत ठेवला. बाकीचा तुकडा सध्या त्यांच्या स्वेटरच्या गठ्ठ्यांवर झाकलेला आहे, "पुढे काय?" वरच्या बाजूला.