रोजच्या सरावासाठी पुण्याचा हातकागद

रोज पहाटे अर्धा तास जलरंगात एक लहान चित्र करायचे, हा परिपाठ मी गेले आठ महिने पुण्यातील शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेच्या कागदावर सांभाळला आहे. १९४० साली स्थापन झालेल्या या संस्थेचा कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने तयार होतो आणि त्याचा खडबडीत पोत बोटांना लगेच जाणवतो. याआधी एका दुकानातून घेतलेल्या वहीची पाने रंगाच्या पहिल्याच ओल्या थराने फुगत असत, त्यामुळे माझा उत्साह मावळत चालला होता. येथे मात्र निळीचा पातळ थर दिला की रंग पोताच्या खळग्यांत सावकाश उतरतो, उंचवटे फिकट राहतात आणि तो वाळेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. आजारपणानंतर मन सतत धास्तावलेले असताना या सक्तीच्या थांबण्याने मला खरोखर सावरले, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. बारीक रेघांच्या कामासाठी मी हा कागद सुचवणार नाही, कारण टाकाचे टोक तंतूंत अडकते. जलरंगासाठी तो फळीवर डिंकपट्टीने ताणून बसवावा.