कोन्दो, उएमात्सु की शिमोमुरा? काही महिने रोज ऐकल्यानंतरचा अनुभव

सगळ्यात आधी तक्रार, कारण लिहायला बसलो ते तिच्यामुळेच. गेमच्या संगीताचा जवळपास कुठलाही अल्बम लावा: चाल दोनदा वाजते आणि मग आवाज बारीक होत होत विझतो. जे संगीत संपू नये म्हणूनच लिहिलं, त्याला असं मधेच गुंडाळायचं! स्ट्रीमिंगचे पैसे मी दर महिन्याला भरतो. जपानहून सीडी मागवायची तर डाकखर्च आणि कस्टम धरून आकडा परवडत नाही, आणि तिच्यावरही तोच फेड-आउट. हे संगीत रचणाऱ्यांची खरी कारागिरी त्या सांध्यात आहे, जिथे चाल संपते आणि परत सुरू होते. आवर्तन फिरून समेवर यावं तशी ती जागा येते, आणि नेमकी तीच आपल्याला जेमतेम एकदा ऐकायला मिळते.

माझं काम हिशेबाचं. दिवसभर आकडे, त्यामुळे कानात शब्द नकोत. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून कामाच्या वेळेत फक्त जपानी गेमचं संगीत लावतोय. शीर्षकातली तिघं त्याच संगीताचे रचनाकार.

मधेच हेडफोनची डावी बाजू गेली. वॉरंटी चालू होती. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उत्तर मिळालं, "वायर ओढली गेलीय, हे वॉरंटीत बसत नाही." दुरुस्तीला जवळपास नव्याच्या निम्मे पैसे सांगितले. मी ते दिले नाहीत, तक्रार नोंदवून आलो. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. मग बरेच दिवस उजव्या कानावरच काढले आणि तुलनेचा सगळा रंगच बदलला.

'सुपर मारिओ'वाल्या कोजी कोन्दोंचं काहीच बिघडलं नाही. फॅमिकॉमचा, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या टीव्ही गेम मशिनचा, आवाज मुळातच मोनो. दोन पल्स आणि एक ट्रँगल (लहरींच्या आकारावरून नावं), एक खरखरीचा नॉइज आणि ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारी एक वाट, एवढाच संसार. ट्रँगलला आवाज कमीजास्त करायची सोयही नाही, म्हणजे त्यावरचा बेस (खालचे सूर) एक तर वाजणार नाहीतर थांबणार. तेवढ्यावर १९८५ मध्ये सुपर मारिओ उभा राहिला. मारिओने उडी मारली की तिच्या आवाजासाठी चालीतली एक ओळ क्षणभर गप्प होते, तरी चालीचा तोल जात नाही. घड्याळ ४०० वरून उतरत १०० च्या खाली गेलं की तीच चाल घाईत धावते आणि तरी गाणं गाणंच राहतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ मध्ये ती जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली, ते योग्यच झालं.

आपल्याकडच्या पुष्कळांनी ही चाल आधी कॅसेटवाल्या नकली टीव्ही गेमवर ऐकली. त्यातल्या बऱ्याच मशिनांत पल्सच्या २५ आणि ५० टक्के रुंदीच्या लहरींची अदलाबदल झालेली असायची, म्हणजे चाल तीच पण आवाजाचा पोत वेगळा. अस्सल फॅमिकॉमचा आवाज ऐकून "हे आपल्या मारिओसारखं नाही" असं कुणाला वाटलं, तर ते खरंच तसं असू शकतं.

सांध्याच्या बाबतीत कोन्दोंचा हात कोणी धरू शकत नाही. १९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम' या झेल्डा मालिकेतल्या गेममध्ये मोकळ्या मैदानावरून फार वेळ हिंडावं लागतं. तिथे त्यांनी एक सलग चाल न देता आठ-आठ बारचे (तालाच्या खंडांचे) तुकडे केले, ते गेम आलटूनपालटून जोडतो. शत्रू जवळ आला की दुसरे तुकडे, नुसतं उभं राहिलं की आणखी निवांत. अल्बममध्ये यातला एकच ठरलेला क्रम येतो आणि सगळी अक्कल वाया जाते. निन्टेन्डोने २०२४ मध्ये काढलेल्या म्युझिक ॲपमध्ये निवडक चाली तासाभरापर्यंत लांबवता येतात. त्यासाठी सदस्यत्व लागतं, पण निदान कुणाला तरी हे कळलं.

'फायनल फँटसी'वाल्या नोबुओ उएमात्सुंवर माझं पहिल्यापासून प्रेम. तरी पहिल्या महिन्यात त्यांना मी यादीत बराच खाली ठेवलं होतं, आणि कारण साधं: काम होत नाही. 'फायनल फँटसी ६' मधलं शेवटच्या लढाईचं संगीत सतरा मिनिटांच्या वर चालतं, चार भागांत चढत जातं. ऑर्गन सुरू झाला की पावत्या बाजूला राहतात. फॅमिकॉमच्या पुढच्या पिढीच्या, म्हणजे सुपर फॅमिकॉमच्या, आठ आवाजांत आणि ध्वनीसाठीच्या ६४ किलोबाइट मेमरीत हे सगळं बसवलंय यावर आजही विश्वास बसत नाही.

नंतर मत बदललं, ते लढाईच्या चालींमुळे. फायनल फँटसीत छोट्या लढाया पटापट आटोपतात, चाल पहिलं आवर्तन पूर्ण करेपर्यंत बहुतेकदा शत्रू संपलेला असतो. म्हणजे खेळणाऱ्याच्या वाट्याला सांधा क्वचितच येतो, सुरुवात मात्र शेकडो वेळा. पहिल्यापासून सहाव्या गेमपर्यंत लढाईची चाल त्याच धावत्या बेसने उघडते, आणि शेकडोव्या वेळीही ती अंगावर येते. माझी मोजपट्टी सांध्याची होती, उएमात्सुंचं काम सुरुवातीचं आहे. कुठे पियानो शाळेत न शिकता, स्वतःच्या कानावर हा माणूस इथवर आला! आता ते माझ्या यादीत वर आहेत, फक्त कामाच्या वेळेत लावत नाही. संध्याकाळी लावतो.

हेडफोन शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने उघडला, तुटलेली तार डाग देऊन जोडली आणि चहापाण्याएवढे पैसे घेतले. डावा कान परत आला त्या दिवशी युझो कोशिरो लावले. त्यांचं 'स्ट्रीट्स ऑफ रेज', सेगाच्या मेगा ड्राइव्ह मशिनवरच्या मारामारीच्या गेमचं. मेगा ड्राइव्हच्या एफएम चिपमध्ये (सूर तयार करणाऱ्या चिपमध्ये) प्रत्येक आवाज डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे, एवढ्याच तीन जागांवर ठेवता येतो. एका कानाने ऐकताना फक्त डावीकडे टाकलेली ओळ सरळ गायब होते, आणि मला हा माणूस उगाच कोरडा वाटत होता. दोन्ही कानांनी ऐकलं तेव्हा क्लबमधल्या हाउस आणि टेक्नो या नाचसंगीताचा सगळा गजर आत आला. चिपमधून हवा तो आवाज काढण्यासाठी त्यांनी प्रोग्रॅमिंगही स्वतःच केलं. जीएसटी रिटर्न भरायच्या आठवड्यात याहून चांगला सोबती नाही.

कोइची सुगियामांबद्दल थोडक्यात. 'ड्रॅगन क्वेस्ट'चं संगीत ते १९८७ पासूनच वाद्यवृंदाच्या मैफलीत घेऊन गेले, त्यामुळे त्या सुइटमधल्या (मैफलीसाठी बांधलेल्या संचातल्या) रचनांना व्यवस्थित शेवट आहे आणि माझी तक्रार त्यांना लागू होत नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंचं संचलन त्यांच्याच चालीने सुरू झालं. आदर पूर्ण आहे, पण रोज लावत नाही. फार ताठ बसून ऐकावं लागतं.

योको शिमोमुरांकडे मी उशिरा वळलो आणि आता सगळ्यात जास्त तेच वाजतं. 'स्ट्रीट फायटर २' चं बहुतेक संगीत त्यांचं, १९९१ चं. गेम पार्लरच्या कलकलाटात ते कुणी नीट ऐकलंय? तिथे एक फेरी म्हणजे घड्याळाचे ९९ आकडे, त्याच्या आतच चाल ओळखीची व्हायला हवी, आणि खेळाडू मरायला टेकला की तीच चाल वेगात पलटते. त्यातल्या गाइल या लढवय्याची चाल घ्या: पहिल्या चार सुरांत माणूस उभा! याच बाईंनी २००२ मध्ये 'किंगडम हार्ट्स'च्या पहिल्या पडद्यासाठी पियानोची ती सावकाश चाल लिहिली, जिथे कुणालाच कसली घाई नाही. पार्लर आणि पियानो, दोन्हीकडे सारखा हात चालणारं या यादीत मला दुसरं कोणी दिसत नाही.

तूर्त माझा क्रम असा: कामाला कोन्दो आणि शिमोमुरा, घाईच्या दिवसांत कोशिरो, संध्याकाळी उएमात्सु. यासुनोरी मित्सुदांना क्रमात बसवता आलेलं नाही. 'संगीत करू द्या नाहीतर नोकरी सोडतो' असं वरिष्ठांना सांगून 'क्रोनो ट्रिगर' मिळवलेला, आणि ते करता करता पोटात अल्सर होऊन आजारी पडलेला हा तरुण. उरलेल्या रचना उएमात्सुंनी पुऱ्या केल्या. अल्बम विकत घेण्यापेक्षा त्याच्या बऱ्याच कमी पैशांत तो गेमच फोनवर घ्या. गेममधल्या इसवी सन ६०० च्या काळातल्या नकाशावर पात्र नुसतं उभं करून ठेवा. नकाशावर कोणी हल्ला करत नाही, घड्याळही उतरत नाही, आणि वाऱ्याची ती चाल बॅटरी असेपर्यंत फिरत राहते.